तब्येत झाली

आमच्या नागपुरात एखादं माणूस जरा भरलं, गाल वर आले, की समोरचा पहिलं वाक्य हेच बोलतो, "अरे वा, तब्येत झाली तुमची!" बाकीच्या ठिकाणी तब्येत बरी असते नाहीतर बिघडते. आमच्याकडे ती 'होते'. म्हणजे अंगावर मांस चढलं, घरात खाऊनपिऊन सुखी आहे, असा त्याचा अर्थ. मीही आयुष्यात कितीजणांना असं म्हटलं असेल. आता कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. मागे एका लग्नात एका बाईंनी कौतुकानं माझा दंड धरून हेच म्हटलं, तर मी त्यांच्यावर अशी खेकसले की बिचाऱ्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांना काय माहीत? मी नंतर माफी मागितली, पण कारण सांगितलं नाही. ते आज सांगते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. धरमपेठेत मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि पुढे लहानसं अंगण, एवढं आमचं घर. बाबा कचेरीतून नुकतेच रिटायर झाले होते. दोघी मोठ्या बहिणी लग्न होऊन लांब गेल्या होत्या. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. सकाळी साडेसातला कंपनीची बस, संध्याकाळी सहाला परत. आणि आई. तिची पन्नाशीही आली नव्हती.

आई काटोलकडच्या खेड्यातली. लग्नाआधी शेतात राबलेली, लग्नानंतर पाच बाळंतपणं, त्यातली दोन मुलं पाळण्यातच गेली. आठवड्यातून दोन उपास ठरलेले, एकादशी-चतुर्थी वरून. घरात दूध यायचं ते आधी बाबांच्या चहाला, मग आम्हा पोरींच्या पेल्यात, आणि उरलेलं विरजणाला. दुधाचा पेला तोंडाला लावलेली आई मला आठवतच नाही. मात्र ताक तिचं. ज्वारीची भाकर कुस्करायची, त्यावर ताक ओतायचं, चिमूटभर मीठ आणि एक हिरवी मिरची. सगळ्यांचं उरकलं की ती भिंतीला टेकून हे जेवण अशी जेवायची की बघणाऱ्याला भूक लागावी.

त्या वर्षी तिचे गुडघे धरले. आधी गुडघे, मग मनगटं, मग बोटं. सकाळी उठली की मूठ वळायची नाही. "टोंगळे दुखून राहिले वं," म्हणायची आणि भिंतीचा आधार घेत उभी राहायची. गल्लीतल्या डॉक्टरच्या गोळ्यांनी पोटात आग पडायला लागली, म्हणून त्या बंद केल्या. तेल चोळून झालं, रेतीची पुरचुंडी शेकून झाली. शेवटी शेजारच्या काकूंनी सांगितलं, कामठीच्या रस्त्यावर एक वैद्य आहे, वातावर हमखास औषध देतो, त्यांच्या नणंदेला तीन दिवसांत पायावर उभं केलं. वात! आमच्याकडे कंबर दुखली की वात, बोट सुजलं की वात, आणि म्हातारपणी माणूस वाकलं तरी वातच. एका शब्दात सगळं भागायचं, पुढे कुणी काही विचारायचं नाही.

एका रविवारी मी आईला रिक्षात घालून बसस्टँडवर नेलं आणि तिथून बसनं त्या वैद्याकडे. कौलारू घर, ओसरीवर बायाच बाया. कुणी हातमागावर बसून पाय आखडलेली, कुणी शेतातून आलेली. वैद्यानं आईची नाडी बघितली आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या चौदा पुड्या दिल्या. विटकरी रंगाची पूड, मधून पांढरे कण. रोज एक, मधातून. आणि पथ्य! दही नाही, ताक नाही, आंबट नाही, केळं नाही. उन्हात फिरायचं नाही, अंगाला वारा लागू द्यायचा नाही. "पथ्य मोडलं तं औषध उलटंन," असं तो माझ्याकडे बघून म्हणाला. मी मान डोलावली. मला असल्या कामात फार उत्साह.

तिसऱ्या दिवशी मी कामावरून परत आले तर आई अंगण झाडत होती! वाकून, कंबरेत पदर खोचून. मी तर हातातली पिशवी तिथेच टाकून तिच्या गळ्यात पडले. बाबांनी देवापुढे दिवा लावला. "देवमाणूस आहे बापा तो," आई म्हणाली आणि मूठ वळून-उघडून आम्हाला दाखवत बसली. त्या दिवशी घरात जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या नोकरीच्या पत्रानंही झाला नव्हता, हे खरंच सांगते.

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी मी एकटी जाऊन पुड्या आणायची. आणि पथ्याची पहारेकरीण मीच. आईला ताकाशिवाय घास उतरेना. वरणाशी भाकर खायची आणि तोंड कसंनुसं करायची. एकदा मी अवेळी घरी आले तर ती दाराआड उभी राहून वाटीनं ताक पीत होती. लहान मुलीसारखी दचकली. मी काय करावं? तिच्या हातातली वाटी हिसकावली आणि मोरीत ओतली. वर बोलले, "मी रविवारचा दिवस घालवून कामठीले जाऊन राहिली, अन् तू इथं चोरून ताक पेऊन राहिली?" ती एवढंच म्हणाली, "घोटभरच पेली वं." त्यानंतर तिनं कधी ताकाचं नाव काढलं नाही. सकाळी अंगणात बसून गहू निवडायची ती सवयही मी सोडवली. आत, पडदा ओढून, पायांना फडकं गुंडाळून बस म्हणायची. नागपूरचं ऊन! वर्षाचे दहा महिने फुकट मिळतं, आणि मी तेवढंही तिच्या अंगावर पडू दिलं नाही.

दोन वर्षं हे चाललं. आईला भूक लागायला लागली. चेहरा गोल झाला, गालांवर लाली आली. शेजारच्या काकू आल्या की हटकून म्हणायच्या, "काय तब्येत झाली वं तुमची! ओळखू नाही येत." आणि आई लाजायची. जन्मात तिला कुणी असं म्हटलं नव्हतं, ती कायम काडीसारखी. माझ्या बहिणी दिवाळीला आल्या तर आम्ही सगळ्यांनी मिळून स्टुडिओत फोटो काढला, केवळ आईची तब्येत झाली म्हणून.

दिसत होतं ते सगळं दिसत होतं, पण बघितलं कुणी? तोंड आणि पोट वाढलं, हातपाय मात्र बारीकच होत गेले. बांगडी जरा घासली की मनगटावर काळानिळा डाग पडायचा, आठ-आठ दिवस जायचा नाही. आणि तिचं पातळ जमिनीवर लोळायला लागलं. तीच जुनी पातळं, तेच नेसणं, आणि काठ मातीत. मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, "नीट नेस ना आई, रस्ता झाडून राहिली काय?" तिनं मुकाट्यानं कंबरेशी एक दुमड जास्त घेतली. पातळाची लांबी कशी वाढेल? उंची कमी होत होती तिची. रोज डोळ्यांसमोर आई बुटकी होत होती आणि मी तिला नेसायला शिकवत होते.

मग तो पोळा आला. पोळ्याला आमच्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उचलून बाहेर टाकताना ओरडायचं, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" मारबत म्हणजे गावाबाहेर नेऊन जाळतात तो पुतळा, सगळी पिडा तिच्याबरोबर जावी म्हणून. ज्याला जो त्रास असेल तो त्यात जोडायचा. खोकला, खरूज, डास, ढेकूण, काहीही. पोरं तर मास्तरांची नावं जोडतात. आईला हा प्रकार फार आवडायचा. त्या सकाळी फांद्या घेऊन ती पुढे झाली, मी मागे कंपनीच्या बससाठी चपला घालत होते. "टोंगळ्याचा वात घेऊन जा गे मारबत!" असं ती मोठ्यांदा ओरडली आणि हसत माझ्याकडे वळली. अंगणाला एकच पायरी, वीतभर उंचीची. तिचा पाय पायरीवरून सुटला आणि ती बसली. पडली म्हणावं असंही पडली नाही, बसल्यासारखी बसली. पण आवाज आला. वाळलेली काटकी मोडावी तसा. मला वाटलं हातातली फांदी मोडली.

सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढला. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. हाडांचे डॉक्टर साठीकडे झुकलेले, बोलणं तुटक. त्यांनी फोटो उजेडापुढे धरला आणि विचारलं, "वय किती?"

"पन्नास," बाबा म्हणाले.

"हाड सत्तरीचं आहे." मग ते आईच्या खाटेशी आले. तिचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे वळवला, दंडावरचे डाग पाहिले, आणि आम्हा दोघांना बाहेर बोलावलं. "औषध काय चालू आहे?"

"काही नाही, साधं देशी औषध आहे. झाडपाला," बाबा म्हणाले.

दवाखान्यात आईला लागतील म्हणून निघताना मी तीन पुड्या पर्समध्ये टाकल्या होत्या. मी त्या काढून दिल्या. डॉक्टरांनी एक उघडली, पांढरे कण बोटानं बाजूला केले. "तपासल्याशिवाय नक्की सांगत नाही. पण असा चेहरा मी दर महिन्याला पाहतो. झाडपाल्यात स्टेरॉइडची गोळी कुटून घालतात. दुखणं पळून जातं, भूक लागते, तोंड सुजतं. आणि आतून हाड पोखरलं जातं."

"पण तिची तब्येत झाली होती," मी म्हटलं. हे मी म्हटलं! एवढं ऐकूनही.

"ती सूज आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. पाळी कधी गेली? बेचाळिसाव्या वर्षी. बाळंतपणं किती? उपास किती? दूध-दही? ऊन? मी सांगत गेले. पथ्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "हाड हे घरातल्या धान्याच्या कोठीसारखं. तिशीपर्यंत भरायचं, नंतर त्यातून निघत राहतं. बाईची पाळी गेली की भराभर निघतं. तुमच्या आईच्या कोठीत आधीच फार नव्हतं. वरून टाकायचं ते तुम्ही बंद केलं, आणि खालून या पुड्यांनी भोक पाडलं." पुड्या एकदम बंद केल्या तर जिवाला धोका, म्हणून त्यांनी त्याच औषधाच्या मोजून गोळ्या दिल्या आणि आठवड्या-आठवड्याला कमी कशा करायच्या ते लिहून दिलं. दोन दिवसांनी खुब्यात खिळा घालून हाड बसवलं.

त्या व्हरांड्यात बाबा मला म्हणाले, "तिला हे काही सांगू नकोस. मन खचेल तिचं. पाय घसरला, हाड मोडलं, एवढंच." आजारी माणसापासून आजारच लपवायचा, ही आपल्या घरांची जुनी रीत. त्यात प्रेम असतं म्हणतात. बाबांच्या बाबतीत असेलही. मला मात्र तो सल्ला का आवडला ते मी आज कबूल करते. त्या पुड्या मी आणल्या होत्या, ताक मी ओतलं होतं. आईला सांगायचं म्हणजे हे सांगायचं. मी लगेच हो म्हटलं. आणि आईनं पुड्यांबद्दल विचारलं तेव्हा मी फडाफड खोटं बोलले, "वैद्य गावाला गेला आई, त्याच्या घरी कोणी मेलं. आता हे डॉक्टरचं औषध घे."

पुढच्या रविवारी मी त्या वैद्याकडे गेले, भांडायला. ओसरीवर तशाच बाया बसलेल्या. मी त्याला तोंडावर विचारलं, पुडीत काय कुटून घालतोस? तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या आईले फरक पडला होता का नाही?" पडला तर होताच. मग मी त्या बायांकडे वळले. तारस्वरात ओरडले, "अवं, उठा इथून! हाडं मोडतील तुमची! माझ्या आईचं मोडलं!" सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. एकही उठली नाही. एक गोल चेहऱ्याची बाई तर समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाई, माही तं तब्येत झाली ना वं या औषधानं." तिच्या मनगटावर डाग होते. मी तिचा हात धरून तिला ते दाखवले तर तिनं हात सोडवून घेतला आणि पुढे सरकली, तिचा नंबर आला होता. बसमध्ये मी कारखान्यातल्या एका ओळखीच्या बाईच्या शेजारी बसून रडत आले आणि तिला कारण सांगितलं, डोकं दुखतंय.

आई घरी आली. आता मी दुसऱ्या टोकाला गेले. सकाळी अंगणात बाज टाकायची, तिला कोवळ्या उन्हात बसवायची. दूध, दही, ताक, तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, भिजवलेले चणे. कुबड्या घेऊन अंगणाच्या दोन फेऱ्या, मग चार, मग सहा. उपास बंद. काल ताक विष होतं, आज अमृत कसं झालं, हे तिनं विचारलं. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतो म्हणून." ती म्हणाली, "वैद्य तं नाही म्हणे. आला का वं तो गावावरून?"

गोळ्या कमी होत गेल्या तसं तिचं दुखणं परत आलं. गुडघे सुजले, बोटं आखडली. सकाळी ती कुशीवर वळतानाच ओरडायची. डॉक्टरांनी दुसऱ्या गोळ्या दिल्या, शेकायला सांगितलं, सावकाश बरं वाटेल म्हणाले. सावकाश! ज्याचं त्याला कळतं. ती मला विनवायची, "एक पुडी आणून दे वं. एकच. मी काही जास्त मागून राहिली काय?" आणि मी म्हणायची, वैद्य अजून गावालाच आहे. मग कंपनीच्या बसमध्ये बसून निघून जायची. दिवसभर ते ऐकायला घरात बाबा होते.

तीनेक महिन्यांनी आई सुधारायला लागली. एकदम. एका संध्याकाळी मी आले तर ती एका काठीवर चालत स्वयंपाकघरात गेली होती आणि भाकरी थापत होती. मला आभाळ ठेंगणं झालं. मी कारखान्यातल्या सगळ्या बायांना गोळा करून भाषण दिलं, दूध प्या, ताक प्या, उन्हात बसा, चाला, माझ्या आईला बघा! दोघी-तिघींनी खरंच रोज दही खायला सुरुवात केली. मी इतकी खुश होते की महिनाभर मी आईच्या तोंडाकडे नीट पाहिलंच नाही.

एका रविवारी मी तिची वेणी घालत होते. मानेखाली, खांद्यांच्या मध्ये, हाताला एक उंचवटा लागला. मी पुढे येऊन तिचा चेहरा पाहिला. गोल. लाल. मी तिचा हात उलटा केला. डाग होते, ताजे.

बाबा आत पेपर वाचत होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले तर त्यांनी पेपर खाली ठेवला आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "आठवड्यातून दोनच देतो. कधीतरी तीन."

"बाबा, तुमच्यासमोर डॉक्टर बोलले होते ना!"

"तू सहाला येतेस," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "दिवसभर ती देवाला म्हणते, मला उचल. मी काय करू? तिनं विचारलं वैद्य आला का, मी म्हटलं आला, आणि जाऊन पुड्या घेऊन आलो."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. मी ओरडायला तोंड उघडलंही. पण वैद्याला गावाला पाठवला होता कुणी? मी. तो गावाला गेला म्हणून ती वाट बघत होती, तो आला म्हणून आनंदानं औषध घेत होती. त्या औषधानं आपलं हाड मोडलं हे तिला ठाऊक असतं तर तिनं वाट बघितली असती? तिला कुणी ठरवू दिलंच नव्हतं.

मी अंगणात आले. आई बाजेवर अर्धी वेणी तशीच घेऊन बसली होती. "काय झालं वं? तोंड काहून उतरलं?"

मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. पुडीत काय होतं, चेहरा कशानं सुजला, हाड कशानं मोडलं, ताक का ओतायला नको होतं. वैद्य कधीच कुठे गेला नव्हता, हेही. ती आपल्या मनगटांकडे बघत होती. माझं संपलं तेव्हा तिनं विचारलं, "तुले कवा कळलं?"

"दवाखान्यातच. पहिल्या दिवशी."

"अन् यायले?" आत बाबांकडे मान करून.

"त्यांनाही."

"डॉक्टरले माहीत, यायले माहीत, तुले माहीत." मला वाटलं आता ती रडेल, किंवा मला मारेल तर बरं. ती हळू आवाजात म्हणाली, "माहे हाडं होते ना वं थे. मले सोडून साऱ्यायले सांगितलं."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली. मी सुट्टी घेतली होती, पण तपासणीच्या खोलीत मी बोलायला लागले की ती हात वर करून मला थांबवायची. स्वतः विचारत होती, तिच्या भाषेत, एकेक. ही गोळी काय करते? किती दिवस? दुखलं तं काय करू? दुधातलं काय हाडात जाते? ऊन कशाले? माझ्याशी बोलले त्याच्या दुप्पट डॉक्टर तिच्याशी बोलले. पाठीचा एक्स-रे काढला, त्यात दोन मणके चेपलेले निघाले. आधीचे होते की या चार महिन्यांतले, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, मला तेवढी हिंमत नव्हती.

पुढचे सहा महिने वाईट गेले. गोळ्या परत हळूहळू कमी केल्या, दुखणं परत आलं, आणि ती मोठ्यानं ओरडायची, रडायची, देवाला वाट्टेल ते बोलायची. पण पुडी तिनं मागितली नाही. एकदाही नाही. बाबांनी एकदा न राहवून विषय काढला तर म्हणाली, "मले चालाचं आहे अजून." सकाळी स्वतः बाज उन्हात ओढायला लावायची. दूध तिला आवडायचं नाही, नाक दाबून प्यायची. ताक मात्र पुन्हा तसंच, भिंतीला टेकून, भाकर कुस्करून. फेऱ्या स्वतः मोजायची. शेजारच्या काकूंना बोलावून तिनं आपल्या दंडावरचे डाग दाखवले आणि काय झालं ते सांगितलं, आणि काकूंनी नणंदेला बोलावून घेतलं. मी कामठीला घसा फोडून ओरडले तेव्हा एकही बाई उठली नव्हती. आईनं आमच्या गल्लीतल्या तीन बायांच्या पुड्या बंद केल्या, त्यांना त्या डॉक्टरांकडे पाठवून, बसल्या जागेवरून.

त्यानंतर ती चौदा वर्षं जगली. वाकलेली, काठी टेकत, पण आपल्या पायांनी. दुसरं हाड मोडलं नाही. लोक म्हणतात, तुम्ही किती केलं आईसाठी. केलं, नाही म्हणत नाही. तिनं मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही, आणि तीही तो विषय कधी बोलली नाही. माझ्याशी हसायची, रागवायची, माझ्या लग्नात काठी घेऊन सगळ्यांच्या आधी मांडवात आली. पण माझ्या हातून काहीही घेताना ती थांबायची. गोळी असो, काढा असो, की दुधाचा पेला. हातात धरायची, आत बघायची, आणि मला विचारायची, "यात काय आहे वं?" मी सांगायची. मग घ्यायची.